बाऊल नको, दोन फुटी टँक घ्या

प्रश्न: दादा नमस्कार, माझा मुलगा चौथीत आहे, मासे पाळायचेत म्हणून कधीचा मागे लागलाय. दुकानात गेले तर त्यांनी पाच लिटरचा गोल बाऊल आणि दोन गोल्डफिश दाखवले, म्हणाले नवीन माणसाला छोटंच बरं, सांभाळायला सोपं. घर लहान आहे, पण टीव्हीच्या बाजूला दोन फूट जागा निघेल. घेऊ का बाऊल? आणि सोबत सकर फिश सोडला की काच घासावी लागत नाही म्हणतात, खरंय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, बाऊल अजिबात घेऊ नका. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर नासतं, म्हणून नवीन माणसाला छोटंच जास्त जड जातं. मी शाळेत असताना असाच बाऊल आणला होता, रोज पाणी बदलायचो तरी आठव्या दिवशी सकाळी बघतो तर पाणी ताकासारखं पांढरट आणि दोन्ही गोल्डफिश वर तोंड काढून धापा टाकतायत, संध्याकाळपर्यंत दोन्ही गेले. ते अजून डोळ्यासमोर आहे म्हणून सांगतोय.

होतं काय, मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तोच होतो आणि पाच लिटरात तो चढायला वेळ लागत नाही. फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे टँक आज आणि मासे महिना-दीड महिन्यानं, मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

तुमच्या जागेत दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक बसेल, काठोकाठ भरला तर साधारण 56 लिटर. काच, खडी धरून वजन सत्तर किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीव्ही युनिटच्या फळीवर ठेवू नका, लोखंडी स्टँड घ्या आणि टँकखाली थर्मोकोलची शीट टाका. थेट ऊन नको. पाणी भरून अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकायचं, एअर पंपावर स्पंज फिल्टर चोवीस तास चालू ठेवायचा आणि मासे नसतानाच एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाकत राहायचं, ते कुजून होणाऱ्या अमोनियावरच बॅक्टेरिया वाढतात. कोणाकडे जुना निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला थोडा मळका स्पंज मागून आणा, त्यात बॅक्टेरिया आयतेच असतात, खूप वेळ वाचतो. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट आधी चढून मग दोन्ही शून्य आले की मासे आणा. स्पंज पुढे कधीही नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

मासे म्हणाल तर सहा झेब्रा डॅनिओ, आपल्याच देशातल्या ओढ्या-नद्यांतला काटक मासा आहे, आणि दोन-तीन आठवड्यांनी चार-पाच गप्पी, फक्त नर. माद्या आणल्या तर दर महिन्याला पिल्लं. या माशांना 24 ते 26 डिग्री छान, डोंबिवलीत बहुतेक वर्षभर हीटर लागणार नाही, पुणे-नाशिकच्या वाचकांनी मात्र थंडीसाठी 50 वॅटचा घ्यावा.

गोल्डफिश सहा-आठ इंच होतो आणि घाणही खूप करतो, दोन फुटात नको. आणि सकर तर नकोच नको. दुकानात दोन इंचाचा दिसतो, वाढला की फुटाच्या वर जातो, मग लोक तो तलावात नाहीतर नदीत सोडून येतात आणि आज उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात तोच येतोय, त्याचे काटे जाळी फाडतात, हे मला फार लागतं. काच तुम्हीच पुसा, आठवड्याला पाच मिनिटांचं काम आहे, तेव्हाच एक बादली, म्हणजे बारा-एक लिटर, पाणीही बदला.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि ते मुलाच्याच हातून. मासे आणताना पर मिटून कोपऱ्यात बसलेला किंवा अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके असलेला एकही दिसला तर त्या टँकमधले कुठलेच घेऊ नका. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग जाळीनं मासे सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर ओता आणि त्या रात्री टँकचा लाइट लावू नका.