आधी कामाची वाटणी, मग यंत्र

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये एक जण दिवसभर ड्रिलिंग करतो, तर दुसरा टॅपिंग (भोकात आटे पाडण्याचे काम). वडिलांच्या काळी मात्र एकच मिस्त्री ऑइल इंजिनाचे सगळे काम पाहत असे. कामाची अशी विभागणी इंग्लंडमध्ये यंत्रे आल्यामुळे सुरू झाली काय, आणि तिच्यामुळे उत्पादन एवढे कसे वाढले?
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : अनेक धंद्यांत क्रम याच्या उलट होता. वाफेचे यंत्र कारखान्यांत रुळण्यापूर्वीच हातकामाच्या धंद्यांत कामाचे तुकडे पडले होते. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ज्या टाचणीच्या कारखान्याचे वर्णन केले, तेथे अवघी १० माणसे आणि बेताची साधने होती. परंतु एकाने तार ओढायची, दुसऱ्याने ती सरळ करायची, तिसऱ्याने तोडायची, चौथ्याने टोक काढायचे, अशा सुमारे १८ क्रिया त्यांनी आपसांत वाटून घेतल्यामुळे दिवसाला ४८,००० टाचण्या तयार होत. एकेकट्याने काम केले असते तर प्रत्येकाकडून दिवसाला २० टाचण्याही झाल्या नसत्या, असे स्मिथ म्हणतात. (ही तुलना धंदा न शिकलेल्या माणसाशी आहे, कसबी कारागिराने त्याहून पुष्कळच अधिक काम केले असते.)

स्मिथ यांनी याची तीन कारणे दिली. एकाच कामावर हात बसतो, हत्यार बदलण्यात जाणारा वेळ वाचतो आणि काम सोपे झाल्यामुळे त्यासाठी यंत्र सुचते. आपल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या कारणात आहे. उदाहरणार्थ, इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या बनवण्याचे काम लहान लहान क्रियांत तोडले गेले आणि मार्क ब्रुनेल यांनी योजलेली व हेन्री मॉड्स्ले यांनी घडवलेली सुमारे ४५ यंत्रे त्या क्रियांवर बसवण्यात आली. पूर्वी ११० कसबी कारागीर जे काम करीत, ते आता १० अकुशल माणसांकडून होऊ लागले आणि १८०८ साली तेथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या.

मात्र कामाची वाटणी बाजारपेठेच्या आकाराएवढीच वाढू शकते, हेही स्मिथ यांनीच सांगितले होते. महिन्याकाठी मोजकीच इंजिने खपत असतील, तर केवळ ड्रिलिंगसाठी एक माणूस ठेवणे मालकाला परवडत नाही. आपल्या वडिलांच्या काळातील मिस्त्रीला सगळे काम यावे लागे, त्यामागे हेही एक कारण असावे.

माझ्या मते याहून मर्मग्राही विवेचन इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांचे आहे. त्यांनी १८३२ साली टाचणीच्याच धंद्यातील मजुरी तपासली, तेव्हा ती कामागणिक दिवसाला साडेचार पेन्सपासून ६ शिलिंगांपर्यंत (एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स), म्हणजे १६ पटींच्या फरकाने, बदलत असल्याचे दिसले. सगळ्या क्रिया एकाच माणसाकडून करून घ्यायच्या, तर त्यांतील सर्वांत अवघड क्रियेची मजुरी त्याला सोप्या कामासाठीही द्यावी लागेल आणि टाचणी पावणेचार पट महाग पडेल, असा त्यांचा हिशेब होता. काम तोडले की मालकाला प्रत्येक क्रियेपुरतेच कसब विकत घेता येते. सोप्या क्रिया कमी मजुरीवर स्त्रिया व मुलांकडे गेल्या, त्यामागे हेच गणित होते. आपल्याकडच्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवणारा आणि फेटलिंग, म्हणजे ओतीव भागाची साफसफाई, करणारा यांच्या पगारातील अंतर पाहिले, तरी ते ध्यानात येईल.

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने अनेक धंद्यांत ७ वर्षांची उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून धंदा शिकणे, सक्तीची केली होती. कामाचे असे तुकडे पडल्यावर काही आठवड्यांत शिकता येणाऱ्या कामासाठी ही अट कारखानदारांना जाचक वाटू लागली, तर कारागिरांना तोच आपल्या मजुरीचा आधार वाटत होता. ती अट टिकावी म्हणून कारागिरांनी संसदेकडे अर्ज केले. तरीही १८१४ साली ती रद्द झाली.