वाचकांचे प्रश्न : रेघ न पडलेली नावे

प्रश्न : स. न. वि. वि. मी कोथरूडला राहते, वय ६२. मतदानाचा हक्क मिळाल्यापासून मी एकही निवडणूक चुकवली नव्हती. १५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेच्या मतदानाला मात्र यजमान आणि मी दोघेही ठरवून गेलो नाही. ज्यांच्या विरोधात म्हणून मत द्यावे, त्यांच्याच मांडीला मांडी लावून आपण निवडून दिलेला माणूस बसलेला दिसतो. २०१९ पासून हे इतक्या वेळा पाहिले की बोटाला शाई लावून घेणेही नकोसे झाले. शिवाय जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवक नव्हते, तरी शहराचे काही अडले नाही. आमचे न जाणे हाही निषेधच आहे, असे का मानू नये? आणि ‘नोटा’चे, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चे, बटण दाबून तरी काय साधले असते?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपला संताप मला परका वाटत नाही. इतक्या वर्षांत एकही मतदान न चुकवलेल्या बाईंना घरी बसावेसे वाटावे, हे राजकारण्यांनी मनाला लावून घ्यायला हवे. पण आपला निषेध त्यांच्यापर्यंत पोहोचतो का, एवढेच मला तपासून पाहायचे आहे. आणि त्यासाठी मतदान केंद्राच्या आतले एक दृश्य सांगतो.

मी शिक्षकी पेशात होतो आणि अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप (चाचणीचे) मतदान घ्यायचे, यंत्र पुन्हा शून्यावर आणून मोहोरबंद करायचे आणि मग दार उघडायचे. आत आलेल्या प्रत्येक मतदाराचे नाव पहिला मतदान अधिकारी मोठ्याने वाचतो आणि यादीच्या चिन्हांकित प्रतीत त्या नावाखाली रेघ ओढतो. तेच नाव ऐकून शेजारी बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात, आणि दर तासा-दोन तासांनी ती माहिती बाहेरच्या टेबलावर जाते. एका संध्याकाळी, मतदान संपल्यावर, मी ती चिन्हांकित प्रत शेवटपर्यंत चाळली. वस्तीतल्या गल्ल्यांची पाने लाल रेघांनी भरून गेली होती. त्यानंतर एका मोठ्या सोसायटीचे पान आले : तीस नावे आणि चार रेघा. त्या पानावर बोट ठेवून एका पक्षाचा प्रतिनिधी मला अगदी सहज म्हणाला, “सर, इथे आम्ही पत्रकंसुद्धा टाकत नाही. उगाच कशाला?”

न आलेल्या माणसाचा निषेध तिथे कोणालाही वाचता येत नाही. आजारी होता, सिंहगडावर गेला होता, वारला होता की संतापून घरी बसला होता, हे त्या कोऱ्या जागेवरून कळत नाही. कळते ते एवढेच की हे घर मतदानाला येत नाही, आणि पुढच्या पाच वर्षांत त्या घराला विचारण्याचे कारण उरत नाही. हिशेब सोपा आहे. बाराशे मतदारांच्या केंद्रावर सहाशेच आले आणि लढत तिरंगी झाली, तर अडीचशेच्या आसपास मतांत आघाडी मिळते. मग त्या अडीचशे मतदारांची कामे केली की पुरते, बाकीच्या साडेनऊशे जणांना रस्त्यावरचा खड्डा दाखवायलाही कोणी भेटत नाही. आपण घरी राहिलात तेव्हा उमेदवाराचे गणित अवघड झाले नाही, उलट थोडे सोपे झाले.

पक्षांतराने मन विटले हे आपले कारण खरे आहे, पण मतदान कमी होण्याचे तेच मुख्य कारण असेल असे मला वाटत नाही. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि त्यानंतरच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये, राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. १९९५ नंतर एवढे मतदान झाले नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यात तर चारांतल्या तिघांहून अधिक मतदार बाहेर पडले. तीच फाटाफूट, तेच नेते आणि दूरचित्रवाणीवरच्या त्याच बातम्या कोल्हापूरकरही पाहत होते. पुणे लोकसभा मतदारसंघात मात्र २०१९ मध्ये निम्म्याहून किंचित कमी मतदान झाले, आणि २०२४ मध्ये ते कसेबसे ५३ टक्क्यांच्या पुढे सरकले. माझ्या मते मोहभंग सगळीकडे सारखाच आहे. पुण्याच्या मध्यमवर्गाला सरकारवाचून भागवता येते, हा फरक आहे. पाणी कमी आले की सोसायटी टँकर मागवते आणि बस वेळेवर नसली की दुचाकी असते, त्यामुळे नगरसेवक कोण आहे याचा रोजच्या जगण्याशी सांधा जुळत नाही. (पुण्याच्या यादीत स्थलांतरित आणि मृत मतदारांची नावे बरीच राहून जातात, त्यामुळे टक्का दिसतो त्याहून प्रत्यक्षात थोडा बरा असणार, हेही न्यायाने सांगायला हवे.)

‘शहराचे काही अडले नाही’ हे आपले वाक्य मात्र मला मान्य नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे सर्वसाधारण सभा व स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासकांकडे राहिले. हजारो कोटींची अंदाजपत्रके सभागृहातल्या एकाही प्रश्नाशिवाय संमत झाली. त्याच काळात, मार्च २०२३ मध्ये, पुण्याची लोकसभेची जागा रिक्त झाली आणि पोटनिवडणूक झालीच नाही. पुण्यातल्याच एका मतदाराने उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने निवडणूक घेण्याचा आदेश दिला, पण जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि पुणे वर्षभराहून अधिक काळ खासदाराविना राहिले. आपण त्या वेळी ‘काय फरक पडतो’ म्हणालो. तो एक मतदार तसे म्हणाला नाही, आणि मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

आता ‘नोटा’. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण यंत्रावर आले. त्याआधी मत द्यायचे नसेल तर केंद्रावर तशी नोंद करून सही करावी लागे, त्यामुळे गुप्तता राहत नसे. लोकसभा-विधानसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली तरी उमेदवारांपैकी पहिला निवडून येतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता, तरी निकालावर त्याचा परिणाम झाला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला : ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली तर कोणालाही विजयी घोषित न करता त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे ज्या निवडणुकीला आपण गेला नाहीत, तिच्यातच आपल्या नकाराला सर्वांत जास्त वजन होते. निदान ‘नोटा’ मोजला जातो, आणि आपल्या नावाखाली रेघही पडते.

आणखी एक गोष्ट थोड्या संकोचाने लिहितो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता : धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेईल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. आपल्याला आज ज्याची शिसारी आली आहे, त्या नेत्यावर कधी काळी आपण फार विश्वास टाकला होता का, हे एकदा स्वतःशी पाहावे. मी टाकला होता. त्यामुळे तो बदलला तेव्हा माझी फसवणूक झाली असे मला वाटले. आता मी उमेदवाराकडे कामाला ठेवलेल्या माणसासारखे पाहतो, आणि तो चुकला तर मला राग येतो, पण माझे मन मोडत नाही.

प्रश्न : ‘विचारपूर्वक मतदान करा’ असे सगळेच सांगतात. आमच्या प्रभागात चार जागा आणि वीस-बावीस उमेदवार होते. नोकरी सांभाळून एवढ्यांची माहिती कधी काढायची आणि नेमके काय पाहायचे?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले जातात. एक प्रभाग पाच जणांचा, बाकीचे चौघांचे. अ, ब, क, ड अशा जागांसाठी वेगवेगळी मते द्यायची असतात. बहुतेकांना एखादाच उमेदवार माहीत असतो आणि उरलेली मते ते त्याच चिन्हाला देऊन मोकळे होतात. या पद्धतीत कोणत्या कामाला कोणता नगरसेवक जबाबदार हे मतदाराला कळेनासे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती बदलेपर्यंत थांबता येणार नाही.

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत गुन्हे, मालमत्ता, सरकारी देणी आणि शिक्षण यांचे शपथपत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ही माहिती मिळण्याचा अधिकार मतदाराला मिळाला. त्याआधी उमेदवारावर किती गुन्हे आहेत हे विचारायची सोयच नव्हती. ही शपथपत्रे निवडणूक यंत्रणेच्या संकेतस्थळावर पाहता येतात. बावीस जणांची वाचू नका. प्रत्येक जागेसाठी ज्या दोघांत खरी लढत आहे, त्यांची वाचा.

वाचताना गुन्ह्यांची नुसती संख्या पाहू नये. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. कलम कोणते, आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, ते पाहावे. मग सरकारी देण्यांचा रकाना पाहावा. स्वतःची घरपट्टी किंवा पाणीपट्टी थकवणारा माणूस महापालिकेचा विश्वस्त होऊ पाहत असेल, तर मला दुसरे काही पाहावेसे वाटत नाही. तोच उमेदवार आधी लढला असेल तर दोन शपथपत्रे शेजारी ठेवून मालमत्तेचे आकडे ताडून पाहावेत. शिक्षणाच्या रकान्याला मात्र फार महत्त्व देऊ नये. सातवी शिकलेल्या एका नगरसेविकेने रात्री अकरा वाजता स्वतः उभे राहून आमच्या गल्लीतली ड्रेनेजची लाइन मोकळी करून घेतलेली मी पाहिली आहे.

विधानसभा-लोकसभेच्या वेळी आणखी एक कागद शोधावा. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार, गुन्हे दाखल असलेल्या माणसाला उमेदवारी का दिली याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावी लागतात, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटे कारण चालत नाही. ती कारणे वाचली की पक्ष आपल्याला किती गृहीत धरतो ते समजते.

जो आधी नगरसेवक होता, त्याच्यासाठी शपथपत्रापेक्षाही ‘स’ यादी बोलकी असते. अंदाजपत्रकातल्या या यादीत नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामे येतात. किती रक्कम बाके, नामफलक आणि कापडी पिशव्यांवर गेली आणि किती पावसाळी गटारे व पदपथांवर, एवढे एका संध्याकाळी काढता येते. संकेतस्थळावर सापडले नाही तर क्षेत्रीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शिवाय नागरिकांनी स्वतः कामे सुचवण्याची सोय पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास सुरू केली. आपल्या सोसायटीतल्या किती जणांनी तो अर्ज कधी भरला, हे विचारून पाहावे. ज्याने एकदा पदपथासाठी अर्ज भरला आणि त्याचा पाठपुरावा केला, त्याला पुढच्या निवडणुकीत कोणाला काय विचारायचे ते आपोआप कळते.

प्रश्न : मी मूळचा जळगाव जिल्ह्यातला, सहा वर्षे बाणेरला भाड्याने राहतो. नाव अजून गावच्या यादीत आहे. इथे नोंदवावे का? घरमालक नको म्हणतात.
– एक वाचक, बाणेर

उत्तर : जरूर नोंदवा. कायदा घराची मालकी विचारत नाही, साधारण वास्तव्य विचारतो, आणि सहा वर्षे तुम्ही बाणेरचेच आहात. नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही, म्हणून नव्या नोंदणीचा नमुना ६ न भरता स्थलांतराचा नमुना ८ भरा. त्याने गावचे नाव कमी होऊन इथे येते. पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार चालतो.

मात्र निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. विधानसभा-लोकसभेसाठी उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नावनोंदणी थांबते, आणि महापालिकेसाठी तर विधानसभेची यादी आधीच ठरवलेल्या एका तारखेची घेतात. गेल्या वेळी ती १ जुलै २०२५ ची होती. हातात ओळखपत्र आहे म्हणून निर्धास्तही राहू नका, कारण यादीत नाव नसेल तर ओळखपत्र असूनही मत देता येत नाही. १७ एप्रिल २०१४ रोजी लोकसभेच्या मतदानाला पुण्यात असंख्य लोक ओळखपत्रे घेऊन गेले आणि यादीत नाव नाही म्हणून परत फिरले, हे पुणेकर अजून विसरलेले नाहीत. तेव्हा वर्षातून एकदा आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः पाहून ठेवत जा.

घरमालकांना सांगा की मतदार यादीत नाव आल्याने भाडेकरूला घरावर कसलाही हक्क मिळत नाही. अनेक घरमालकांना प्रामाणिकपणे तशी भीती वाटते, म्हणून रागावू नका. शांतपणे समजावून सांगा, आणि जमल्यास मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येतील तेव्हा त्यांनाही हजर राहायला सांगा.