घरी केलेला ट्रॅक हेडफोनवर भारी वाटतो, पण गाडीत आणि डॉल्बीवर बेसचा नुसता लगदा होतो. मास्टरिंगसाठी ओझोन हे सॉफ्टवेअर घेऊ का?

ओझोन आत्ता नको. तुम्ही सांगताय ते दुखणं मास्टरिंगचं (तयार ट्रॅकवरच्या शेवटच्या हाताचं) नाही, मिक्सचं (सगळे आवाज एकमेकांत बसवण्याचं) आहे. आणि मिक्सच्याही आधी खोलीचं.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरातल्या एका खोलीत टेक्नो (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) करतो. खोली दहा बाय दहा. आपल्याकडं बहुतेकांची तशीच असते, आणि बेससाठी याहून वाईट माप शोधून सापडायचं नाही. हिशोब करून बघा : आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भिंतीपासून भिंत ३.०५ मीटर. वेगाला अंतराच्या दुपटीनं भागलं की ५६ हर्ट्झ येतात. खोली चौरस असल्यामुळं लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तीच फ्रिक्वेन्सी घुमते. भिंतीपाशी, कोपऱ्यात धडधड आणि बरोबर मधोमध जवळपास काहीच नाही. टेक्नोच्या किकचा (मोठ्या ड्रमच्या ठोक्याचा) पाया असतो नेमका ५० ते ६० च्या आसपास! खुर्ची मधोमध असेल तर किक कमी वाटते, तुम्ही तिचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर नेता आणि मग गाडीचे दरवाजे थरथरतात.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे पावणेचार फुटांवर आणून बघा. ही फक्त सुरुवातीची जागा आहे, तिथून अर्धा फूट पुढं-मागं सरकून ऐका. भिंतीला अंड्याचे ट्रे लावू नका, बेसला त्यांचा पत्ताही लागत नाही. खर्च करायचाच तर कोपऱ्यांत जाड रॉकवूल (दगडी लोकर) भरा. ते होईपर्यंत ६० हर्ट्झच्या खालचं काही ठरवायचं असेल तर हेडफोन आणि स्पॅनसारखा फुकटचा ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे ते दाखवणारा प्लगइन) बघून ठरवा.

आता लगदा. किक आणि बेस दोघांनाही तळ हवा असतो, पण एका वेळी तो एकालाच द्यायचा. किक खोल असेल तर बेसचा खालचा भाग ईक्यूनं (इक्वलायझरनं) कापा, नाहीतर उलट. त्यानंतर साइडचेन, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबेल अशी जोडणी. आणि ईक्यूला हात लावण्याआधी बेसच्या सुरांची लांबी तपासा. किक वाजताना मागचा सूर अजून रेंगाळत असतो, तो छाटला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

डॉल्बीवर आणखी एक घोळ होतो. सिंथच्या बेसला युनिसन आणि वायडनर लावून रुंद केलेलं असतं. हेडफोनवर ते झकास लागतं, पण डावं-उजवं एकत्र आलं की एकमेकांना खातं. महाद्वार रोडवर मिरवणुकीत सिस्टिम स्टिरिओ असली तरी माणूस स्पीकरच्या एकाच थप्पीसमोर उभा असतो, त्याला कसली रुंदी! साधारण १२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो (डावं-उजवं एकसारखं) ठेवा आणि मिक्स करताना मास्टरवरचं मोनोचं बटण अधूनमधून दाबत राहा. लीड (मुख्य चाल) गायब झाली तर तिथंच दुरुस्त करा.

घरचे झोपल्यावर हळू आवाजात बेस ठरवू नका. आवाज कमी असला की कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. रात्री लीड, हॅट, व्होकल यांची लेव्हल लावा, त्याला हळू आवाज उलट चांगला. आवडीचा तयार ट्रॅक शेजारी ठेवून तुलना कराच, पण आधी त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका खाली आणा. मोठ्यानं वाजणारं चांगलंच वाटतं.

लाऊडनेसचं म्हणाल तर स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला ट्रॅक -१४ लफ्सच्या (LUFS, कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणतं. तुम्ही -६ पर्यंत चेपलात तर ते आठ डीबी खाली ओढतं आणि हाती उरते फक्त चपटी किक. डीजे वाजवणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथं -८, -९ चालतं. ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत वरचं टोक) मात्र -१ डीबीवर थांबवा, कारण एमपीथ्री-एएसी करताना पीक वर उसळतात.

आणि ईपी (थोड्या ट्रॅकचा छोटा अल्बम) काढणार असाल तर मास्टर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. महागडा माणूस नको, दुसरे कान आणि दुसरी खोली मिळाली तरी पुरे. त्याला २४ बिट वेव्ह द्या, मास्टरवरचा लिमिटर (टोकं दाबून आवाज मोठा करणारा प्लगइन) काढून.