वाचकांचे प्रश्न : फुकट जागा, पण कधीपर्यंत?

प्रश्न : मालवणजवळ आमचं होमस्टे आहे. खोल्यांचे नि ताटांचे फोटो आणि पाहुण्यांनी पाठवलेले स्कुबाचे व्हिडिओ यांनी गूगलचे १५ जीबी भरले. मोबाइलच्या रिचार्जवर १८ महिने २ टीबी (सुमारे २,००० जीबी) फुकट मिळताहेत. ते घ्यावेत, की पैसे भरून १०० जीबी घ्यावेत?

उत्तर : फुकटचे घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी एकोणिसाव्या महिन्यात काय होतं ते समजून घ्या. मुदत संपली की तुमची हद्द पुन्हा १५ जीबीवर येते. तोवर १४० जीबी भरलेले असतील तर ते त्या रात्रीच पुसले जात नाहीत. मात्र नवा फोटो चढत नाही आणि जीमेलही अडतो, कारण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांची हद्द एकच. बुकिंगचा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ऐन मे महिन्यात असं झालं तर नुकसान किती, ते तुम्हीच जाणता. हद्दीबाहेर दोन वर्षं राहिलात तर गूगल साठवलेलं काढूनही टाकू शकतं. काही योजनांत तर मुदत संपताच पैसे आपोआप कापायला सुरुवात होते. योजना चालू करताना ऑटोपेला मंजुरी दिली असेल, तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत ती दिसते आणि तिथूनच रद्द करता येते.

आता भाव. गूगलचे १०० जीबी महिना १३० रुपयांना, वर्षाचे एकदम भरले तर १,३०० रुपयांना मिळतात. ॲपलचे ५० जीबी ७५ रुपयांना. म्हणजे गूगलचा एक जीबी १ रुपया ३० पैशांना पडतो आणि ॲपलचा दीड रुपयाला. गूगलचेच महिना ६५० रुपयांचे २ टीबी जीबीमागे पस्तीस पैशांच्याही आत बसतात. पण दोन मुठी भात शिजवायला कोणी लग्नाचं पातेलं काढत नाही. १०० जीबी घरातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येतात आणि एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. तुमच्या कामाला हे पुरेल.

खरं तर आधी झाडलोट करा, कदाचित पैसेही लागणार नाहीत. गूगलच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये कोणी किती जागा खाल्ली ते दिसतं. होमस्टेवाल्यांकडे बहुतेक वेळा व्हॉट्सॲपचा बॅकअप निघतो, कारण अँड्रॉइडवर तोही आता याच १५ जीबीत मोजला जातो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा आणि व्हिडिओ घेण्याचं बटण बंद करा. मग गूगल फोटोजच्या वेबसाइटवर सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हर स्टोरेज’ आहे. त्याने आधी चढवलेले मूळ आकाराचे फोटो आवळले जातात, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे असतील तर तेवढ्यावर येतात. मोबाइलवर दाखवायला ते चालतात, फलकाच्या छपाईसाठी मूळ फोटो आधी बाजूला काढा. आवळलेला फोटो पुन्हा मूळ होत नाही.

इथे दोन बटणांचा घोळ हमखास होतो. ‘फ्री अप स्पेस’ने मोबाइलमधली जागा मोकळी होते, गूगलवरची नाही. आणि फोटोज ॲपमधून ‘डिलीट’ केलं की बॅकअप झालेला फोटो दोन्हीकडून जातो. तो ६० दिवस बिनमध्ये असतो, पुढे नाही. ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवस राहते आणि तेवढे दिवस हद्दीत मोजली जाते, म्हणून ट्रॅश हातानेच रिकामा करा.

शेवटी वेग. अपलोडचा वेग ३ एमबीपीएस (सेकंदाला ३ मेगाबिट) मिळत असेल तर ६० जीबी चढायला न थांबता ४४ तासांच्या वर लागतात. पावसाळ्यात वीज नि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, तेव्हा हे काम पावसाआधी उरकून घ्या. एक प्रत हार्ड डिस्कवरही हवी. ती पडवीच्या कपाटात उघडी ठेवली तर खाऱ्या हवेने जोडणीची टोकं गंजतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

प्रश्न : वडील गुहागरला, आम्ही मुंबईला. त्यांच्या जुन्या जीमेलवर जमिनीच्या कागदांचे स्कॅन आहेत. खातं कित्येक महिने उघडलेलं नाही. बंद होईल का?

उत्तर : दोन वर्षं वापर झाला नाही तर होऊ शकतं. डिसेंबर २०२३ पासून गूगलने अशी खाती काढायला सुरुवात केली आहे. आधी सूचना येते, पण त्याच खात्यावर आणि रिकव्हरी ईमेलवर (खातं परत मिळवण्यासाठी दिलेला दुसरा पत्ता), आणि वडिलांनी ती दोन्ही उघडलेली नसतात. खातं एकदा गेलं की तोच पत्ता घेऊन नवं उघडता येत नाही.

मेल येऊन पडणं म्हणजे वापर नव्हे. लॉगिन करून मेल वाचा किंवा पाठवा. ड्राइव्ह आणि फोटोजही एकेकदा उघडा, कारण दोन वर्षं न उघडलेल्या सेवेतला मजकूर तेवढाच वेगळा काढण्याची मुभा गूगलने ठेवली आहे.

हे मुंबईतून नव्या लॅपटॉपवर करायला जाल तर गूगलला संशय येतो आणि ओटीपी गावच्या मोबाइलवर जातो. गणपतीला सगळे घरी असालच. वडिलांच्याच मोबाइलवर, घरच्याच वायफायवर बसा आणि रिकव्हरी नंबर व रिकव्हरी ईमेल तुमचा घाला. मग ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांची मुदत निवडा आणि तुमचं नाव द्या. तेवढा काळ खातं निपचित राहिलं तर तुम्हाला कळतं, आणि वडिलांनी परवानगी दिली असेल तर सगळं उतरवूनही घेता येतं.

वडिलांचं सिमही जपा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होतो. शिल्लक २० रुपये असेल तर ते कापून ३० दिवस वाढतात, इतकंच. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात.

बाकीच्या खात्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. मायक्रोसॉफ्टची दोन वर्षं, याहू मेल आणि ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यांची बारा महिने.

प्रश्न : मी रत्नागिरीचा, जहाजावर नऊ-नऊ महिने असतो. ओटीपी येत नाही, ऑथेंटिकेटरचा (लॉगिनचे कोड मोबाइलवरच तयार करणारं ॲप) कोड ‘चुकीचा’ म्हणतो.

उत्तर : ऑथेंटिकेटरला रेंज लागत नाही, बरोबर घड्याळ लागतं. जहाजाची वेळ बदलली की बरेच जण मोबाइलचा तास हाताने पुढे-मागे करतात. मोबाइलला वाटतं, तासभर खरोखरच सरला, आणि कोड चुकतो. तास हलवू नका, सेटिंग्जमध्ये टाइम झोन बदला. जहाजावर चढण्याआधी गूगलचे दहा बॅकअप कोड (ओटीपीऐवजी चालणारे) छापून सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या, पाकिटात ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर लावला असेल तर त्याची मुदत ३ महिन्यांवर ठेवू नका. सिम घरी साध्या फोनमध्ये घालून ठेवा आणि महिन्यातून एक कॉल करायला सांगा.

प्रश्न : खरेदीखत डिजिलॉकरमध्ये टाकलं तर मूळ कागदाची गरज उरते का? (दापोली)

उत्तर : उरते. सरकारी खात्याने स्वतः दिलेले, ‘इश्यूड’मध्ये दिसणारे दाखलेच मुळाच्या बरोबरीचे. तुम्ही स्कॅन करून चढवलेलं खरेदीखत ही नुसती प्रत आहे, आणि अशा प्रतींसाठी १ जीबी जागा मिळते. सातबारासाठी स्कॅन करूच नका. महाभूमी या सरकारी वेबसाइटवर १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो, तोच सरकारी कामाला चालतो.