आईला शुगर आहे आणि हिमोग्लोबिनही कमी आहे, रोज खजूर दिला तर चालेल का? साखर न घालता खजुराचं काय काय करता येतं?

चालेल की. दोन लहान खजूर, तेही त्या वेळची अर्धी चपाती किंवा भाकरी कमी करून. उत्तर एवढंच आहे, पण तुम्ही "साखर न घालता" असं लिहिलंय ना, तिथं माझं डोकं तडकलं म्हणून पुढचं लिहितोय.

आमचं बेळगावच्या शहापुरात किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. रमजान आला की रविवार पेठेतून खजुराच्या पेट्या आणायच्या, थंडी पडली की डिंक खारीक खोबरं पुढं मांडायचं, एकादशीला परत खजूर, हे लहानपणापासून बघतोय. गिऱ्हाईक मराठी, कानडी, उर्दू सगळं, कोण खारीक म्हणतं कोण उत्तत्ती. पण गेल्या काही वर्षांत एक नवीनच गिऱ्हाईक तयार झालंय, ते येऊन म्हणतं शुगर पेशंटसाठी खजूर द्या. म्हणजे गोळीच्या दुकानात आल्यासारखं. आणि मोबाईलवर "शुगर फ्री खजूर लाडू" म्हणून जे फिरतंय त्याचं तर काय बोलावं. अहो १०० ग्रॅम मेडजूल खजुरात ६६ ग्रॅम साखर असते, अमेरिकेच्या शेतीखात्याच्या तक्त्यात लिहिलंय, बाकीच्या जातीही थोड्या इकडंतिकडं तेवढ्याच. तुम्ही साखर घातली नाही हे खरं, झाडानं घालून ठेवलीय. नैसर्गिक आहे म्हणतात. मग चिकोडी-रायबागचा ऊस काय कारखान्यात उगवतो?

आता आमच्या दाजींचं सांगतो, कारण हा प्रश्न बघितल्यावर पहिलं तेच आठवलं. दाजी म्हणजे आक्काचे मालक, निपाणीला असतात, हायस्कूलात गणित शिकवायचे, आता रिटायर. शुगर जुनी आहे. दर दोन-तीन महिन्यांनी बेळगावला डॉक्टरकडं यायचे आणि जाताना दुकानात टेकायचे, चहा (बिनसाखरेचा, ते मोठ्यानं सांगून), आणि पिशवी भरून सामान. २०१९ साली त्यांना कुणीतरी सांगितलं की सकाळी दुधात भिजवलेल्या सात खारका खाल्ल्या की रक्त वाढतं, हाडं मजबूत होतात आणि शुगरला काही होत नाही. खारकेचं तर त्यांचं स्वतःचं प्रमेयच होतं. खारीक कच्च्या फळाची करतात, कच्च्या फळात साखर कुठनं येणार.

पहिला अर्धा भाग बरोबर आहे. झाडावरचं फळ पूर्ण वाढलेलं पण अजून कडक, पिवळं असताना काढतात, पाण्यात उकळतात आणि उन्हात वाळवतात, ती खारीक. पण तोवर साखर भरलेली असते, आणि वाळवल्यावर पाणी जातं, साखर कुठं जात नाही. उलट ग्रॅमला ग्रॅम जास्तच गोड मिळते. हे मी त्यांना नीट सांगितलं होतं, एकदा नाही बऱ्याच वेळा, आक्कासमोर पण सांगितलं. ऐकतील तर ते मास्तर कसले.

त्यात ते वर्ष खारकेचं वाईट होतं. आपल्याकडं खारीक यायची ती बहुतेक सगळी पाकिस्तानातनं, सिंधमधली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर तिकडच्या मालावर २०० टक्के ड्युटी बसली आणि भाव असा चढला की गिऱ्हाईक भाव विचारून नुसतं आमच्या तोंडाकडं बघायचं. (आता तर मे २०२५ पासून तिकडचा मालच बंद आहे.) तर अशा दिवसांत दाजी आले, दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं उभी, आणि म्हणाले दोन किलो खारीक बांध. मी म्हटलं, दाजी तुम्हाला खारीक देत नाही. बाकी काय पाहिजे ते न्या, पैसेही देऊ नका, पण खारीक नाही.

ते म्हणाले, "भाव चढलाय म्हणून दाबून ठेवालास काय?"

हे लागलं मला. आमच्या दुकानावर आजपर्यंत साठेबाजीचा शब्द कुणी काढला नव्हता आणि तो घरच्या माणसानं काढावा. मी काही बोललो नाही. बरणीतल्या सात खारका काढल्या, काट्यावर ठेवल्या. बिया वजा करून पन्नास ग्रॅम धरा म्हटलं, मास्तर तुम्हीच धरा, पासष्ट टक्क्यांनी किती? ते गप्प. मीच म्हटलं साडेबत्तीस. मग खारका उतरवल्या आणि कागदावर तेवढी साखर मोजली, सहा-सात चमचे भरते ती, आणि पुडी बांधून त्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं ही घ्या तुमची रोजची सकाळ, दुधात टाका आणि प्या, खारकेपेक्षा लई स्वस्त पडेल.

मागचं एक गिऱ्हाईक हसलं. तिथं बिघडलं सगळं. दाजी एवढंच म्हणाले, "दुकान चालवालास का दवाखाना?" आणि पिशवी उचलून चालू पडले. समोरच्या गल्लीत दुसरं दुकान आहे, तिथनं दोन किलो घेतली, आमच्या दारावरनं मुद्दाम पिशवी हलवत गेले.

आमची बायको आजही म्हणते की चारचौघांत करायला नको होतं. असेल. पण एकट्यात सांगून झालंच होतं की, त्याचा काय उपयोग झाला? आणि धंद्याचं म्हणाल तर दोन किलो खारकेत त्या वर्षी बरे पैसे सुटत होते, सोडले मी.

पुढं दाजींनी फोनवरनं आक्काकरवी मला एक अभ्यास पाठवला. अमिरातीत केलेला, २०११ मध्ये छापलेला, त्यात खजुराच्या पाच जातींचा जीआय (ग्लायसेमिक इंडेक्स, खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते त्याचा आकडा) काढलाय, शुगरवाल्या माणसांतही तो ४४ ते ५३ च्या दरम्यान निघाला. म्हणजे खजूर कमी जीआयचा, म्हणजे मी हरलो. अभ्यास खरा आहे, मी वाचला. पण जीआय काढताना ठरलेल्या कार्बोहायड्रेटला, तिथं ५० ग्रॅमला, रक्तातली साखर ग्लुकोजच्या मानानं किती चढते ते बघतात. हळू चढते एवढं त्यातनं कळतं, चढतच नाही असं कुठं लिहिलंय? चोथा आहे म्हणून हळू, १०० ग्रॅमला सात-आठ ग्रॅम, तो चांगलाच आहे, पोट साफ राहतं. पण वर दूध, वर नाष्ट्याला पोहे, आणि मास्तर म्हणणार जीआय कमी आहे. गणितवाल्या माणसानं बेरीज सोडावी म्हणजे काय.

शेवटी काय झालं, डॉक्टरनीच सांगितलं. तीन महिन्यांची शुगर वाढून आली तेव्हा डॉक्टर म्हणाले खारीक बंद, फळ म्हणून एखाद-दोन खजूर खा, तेही जेवणातलं काही कमी करून. आता दाजी निपाणीत सगळ्यांना हेच सांगत फिरतात, काट्यावर तोलायला लावतात म्हणे. माझं नाव कुठं नाही त्यात. दुकानात अजून येत नाहीत. आक्का येते, बेदाणे न्यायच्या निमित्तानं.

असो. तुमच्या आईच्या हिमोग्लोबिनचं. खजुरानं रक्त वाढतं हे आपल्याकडं इतकं मुरलंय की त्याविरुद्ध बोललं की लोक आईला शिवी दिल्यासारखं बघतात. त्याच अमेरिकन तक्त्यात १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम आहे. आयसीएमआरनं (आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम सांगितलंय. आता दोन खजुरांचं तुम्हीच बघा. रंग काळा-तांबडा आहे म्हणून लोह असेल असा हिशोब असतो लोकांचा. त्यापेक्षा हळीव, चवळी, मटकी, पालेभाज्या द्या, वर लिंबू पिळा, आणि जेवल्या जेवल्या चहा बंद करा, चहानं लोह अंगात कमी शिरतं. आमच्याकडं जेवणावर चहा पाजायची जी पद्धत आहे ती पहिली मोडा. आणि डॉक्टरनी लोहाची गोळी दिली असेल तर ती खजुराच्या नावाखाली टाळू नका, हे मी दुकानदार असून सांगतोय.

करायचं काय ते. मी स्वतः स्वयंपाक करतो, त्यामुळं ऐकीव सांगत नाही. खजूर हा गोडीचा पदार्थ म्हणून वापरा, म्हणजे साखर-गुळाच्या जागी, त्यांच्या वर नाही. सगळ्यात शहाणा उपयोग म्हणजे चिंच-खजुराची चटणी, कारण चमचाभरच लागते. चिंचेच्या निम्मा खजूर घेतला तरी पुरतो, कुकरमध्ये भातावर वाटीत ठेवून दोन्ही शिजवायचं, गाळायचं, जिरं, तिखट, मीठ, थोडी सुंठ, संपलं. गूळ घालायची गरजच नाही, बाजारातली भेळेची चटणी मात्र गुळानं भरलेली असते. आमटीत चिंच-गुळाऐवजी ह्याचाच एक चमचा घातला तर कुणाला कळत पण नाही.

लाडू करायचे तर शेंगदाण्याचे करा. दाणे खमंग भाजून जाडसर कुटायचे, बिया काढलेला खजूर चमचाभर तुपात अगदी बारीक आचेवर परतायचा. बारीक आच म्हणजे खरंच बारीक, त्यातली साखर लगेच लागते आणि मग कडू होतं. गोळा झाला की हातानं मळायचा, गरम गरम मिक्सरला घालू नका, पात्याला असा बसतो की मिक्सर रडतं. दाणे दोन वाट्या तर खजूर एक वाटी, उलटं नाही. लिंबाएवढे लाडू वळायचे, आईला त्यातला एक. शेंगापोळीत पण गुळाच्या जागी खजूर घालून बघितलाय, लाटताना फाटते, त्यापेक्षा गूळच बरा. डिंकाच्या लाडवाला खारीक पाहिजेच, तिथं मी तडजोड करत नाही, पण ते बाळंतिणीचं खाणं आहे, घरबसल्या शुगरवाल्याचं नाही. गोकाकचं करदंट, ती डिंक-सुकामेवा-गुळाची वडी, पण त्यातलंच. खारकेची बी काढायला अडकित्ता घ्या, सुरी घ्याल तर बोट कापाल, आणि पूड करायच्या आधी दोन दिवस ऊन दाखवा.

घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. स्वस्त चकचकीत खजुरावर बऱ्याच वेळा ग्लुकोज सिरप चोपडलेलं असतं, म्हणजे साखरेवर साखर. सालीवर पांढरं दिसलं की लगेच बुरशी म्हणू नका, कधीकधी आतली साखरच फुटून वर येते, बोटानं चोळलं की रवाळ लागते. बुरशी रवाळ लागत नाही, वास येतो. किमिया नावानं मिळतो तो काळा मऊ खजूर इराणचा, पाणी जास्त असतं त्यात, तो फ्रीजमध्येच ठेवा. आणि कुठलाही खजूर फोडून बघितल्याशिवाय तोंडात टाकायचा नाही, आत अळी असू शकते, चांगल्या पेटीत पण असते.

हो, एक राहिलंच, हे खरं तर आधी लिहायला पाहिजे होतं. आईची किडनी बरी आहे ना ते तपासून घ्या, जुन्या शुगरमध्ये ते बिघडलेलं असू शकतं आणि खजुरात पोटॅशियम भरपूर, १०० ग्रॅमला ७०० मिलिग्रॅमच्या जवळ. क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्तात तपासतात ते) वाढलेलं असेल तर माझे दोन खजूर पण विसरा आणि डॉक्टरला विचारा. सुरुवात करताना घरी मीटर असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा बघा, प्रत्येकाचं अंग वेगळं, माझ्या दाजींवरनं तुमच्या आईचं ठरवू नका.

आणि शुगर एकदम खाली आली, घाम फुटला, हातपाय कापायला लागले तर तेव्हा खजूर चावायला देऊ नका, शुद्धीवर असतील तर सरळ साखरपाणी किंवा ग्लुकोज पाजा, ते लवकर लागू पडतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. दाजी म्हणे त्यासाठी खिशात दोन खजूर घेऊन फिरतात, आक्का सांगत होती. साखरेची पुडी ठेवा म्हणून त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे, पण आमच्या दुकानातनं साखरेची पुडी ते काही घेणार नाहीत.