केळकर संग्रहालय पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय प्रथमच पाहणार असाल, तर सर्व दालने एका दमात संपवण्याचा आग्रह धरू नका. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ उभा केलेला हा संग्रह सुमारे २०,००० वस्तूंचा आहे. त्यातील थोडाच भाग मांडलेला असला, तरी तोही एका भेटीत नीट पाहून होत नाही.

माझ्या मते सुरुवात स्वयंपाकघरातील वस्तूंपासून करावी. त्यानंतर अडकित्त्यांसमोर सावकाश थांबा: पाती कोठे जोडली आहेत, सुपारी कोठे ठेवायची, मूठ कशी धरली जात असेल, हे आधी समजून घ्या आणि मगच त्यांवरील पक्षी, घोडे, युगुले यांच्याकडे वळा, कारण उपयोग कळल्याशिवाय त्या नक्षीतील कारागिराचे कसब लक्षात येत नाही. पाय घासण्याच्या वज्रीचा खालचा भाग खरबरीत का, हेही असेच ओळखता येते. दिव्यांच्या बाबतीत तेल आणि वात यांची जागा शोधावी. कोथरूडहून आणून येथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल देखणा आहे, पण घरगुती जीवन पाहायला आला असाल तर तो शेवटी ठेवा.

शक्य असल्यास घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला सोबत न्यावे आणि प्रत्येक वस्तूपुढे प्रथम त्यांना बोलू द्यावे. पाटीवर केवळ नाव असते, वापर त्यांच्या हातांना ठाऊक असतो.