हीटसिंकला प्रोसेसर चिकटून आला तर?

प्रश्न : मी मिरजेत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. २०१८ साली घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये रायझन ३ २२००जी प्रोसेसर आहे. पंखा फार आवाज करायला लागला म्हणून धूळ काढायला हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलला, तर प्रोसेसरही त्याला चिकटून बाहेर आला. भाचा म्हणतो, स्क्रूड्रायव्हर घालून उचकट आणि रॉकेलनं पूस. घरात सॅनिटायझर आहे, तो चालेल का?

उत्तर : ताई, स्क्रूड्रायव्हर लावू नका. या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना आहेत. एका बाजूनं उचकटलं तर प्रोसेसर निसटून आपटेल आणि पिना वाकतील.

हे तुमच्या हातून काही चुकल्यामुळे झालेलं नाही. तुमचा प्रोसेसर बोर्डावरच्या ज्या खाचेत बसतो, त्या एएम४ सॉकेटची दांडी बंद असली, तरी ते पिनांना फक्त बाजूनं दाबून धरतं. वरून अडवणारं काही नसतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेल्या थर्मल पेस्टमधलं तेल वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कमी होतं, उरलेली भुकटी घट्ट धरते आणि तिची पकड सॉकेटपेक्षा जास्त ठरते. म्हणून यापुढे हीटसिंक काढण्याआधी कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून वायर काढा आणि हीटसिंक सरळ न ओढता डावीउजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

आत्तासाठी हेअर ड्रायरनं हीटसिंक हाताला सोसेल इतपत गरम करा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मग प्रोसेसर फक्त कडांना धरून हळूहळू पिळा. नाहीच सुटला, तर दातांसाठी मिळणारा फ्लॉसचा दोरा दोघांच्या फटीत घालून करवतीसारखा ओढा. वेळ लागेल, लागू द्या.

सुटल्यावर एखादी पिन वाकलेली दिसली, तर ०.५ च्या पेन्सिलीचं रिकामं टोक तिच्यावर बसवून ती हळूच सरळ करता येते. मग सॉकेटची दांडी वर करून, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळवून प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवा, आपोआप खाली बसू द्या, दांडी लावा आणि मगच त्याची पाठ पुसा. पिना सॉकेटमध्ये सुरक्षित राहतात, म्हणून मी हाच क्रम पाळतो.

सॅनिटायझर नको. त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं, त्याचा थर मागे राहतो. रॉकेलही तेलकट थर सोडतं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळेल, ९९ टक्क्यांचं घ्या. खिडकी उघडी ठेवा, जवळ उदबत्तीसुद्धा नको. चष्म्याचं फडकं त्यात भिजवून वाळलेल्या पेस्टवर दोन-तीन मिनिटं ठेवून द्या. घासण्यापेक्षा हे भिजणंच खरं काम करतं. मऊ झालेला थर जुन्या एटीएम कार्डानं खरवडा आणि फडकं काळं होणं थांबेपर्यंत पुसा. तुमच्या हीटसिंकचा तळ ॲल्युमिनियमचा असेल, त्यावर तारेची घासणी अजिबात नको. ओरखडे पडतात आणि तारेचा तुकडा बोर्डावर पडला तर शॉर्ट होऊ शकतं. बोटाला न लागणारा फिकट डाग राहिला तर चालेल.

ॲल्युमिनियम हवेपेक्षा उष्णता सुमारे नऊ हजार पट चांगली वाहून नेतं. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा घालवणं एवढंच, त्यामुळे जाड थर उलट नुकसान करतो. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या डाळीएवढी घाला आणि हीटसिंकचे स्क्रू तिरप्या जोडीनं थोडे थोडे आवळा. चालू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, तापमान पाहा. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. नुसतं चालू असताना ८० च्या वर जात असेल, तर हीटसिंक नीट टेकलेला नाही.